वाचकांचे प्रश्न : लेबलवरची अक्षरे का उडतात?

प्रश्न : फायलींवर लावण्यासाठी छोटा थर्मल लेबल प्रिंटर घेतला. छपाई ठसठशीत येते, पण खिडकीजवळच्या कपाटातली लेबले वर्षभरात वाचेनाशी झाली. मऊ प्लॅस्टिकच्या फोल्डरवरची तर त्याआधीच. प्रिंटर खराब आहे का?

उत्तर : प्रिंटर ठीक आहे, कागद या कामाचा नाही. तुमचा प्रिंटर डायरेक्ट थर्मल असणार. त्यात शाई नसते; कागदावरच्या रासायनिक थराला उष्णता लागली की तो काळा पडतो. छपाईनंतरही ऊन, उष्णता, तेलकट बोटे, सॅनिटायझर यांचा त्या थरावर परिणाम होतच राहतो. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकमध्ये ते मऊ ठेवणारे रसायन (प्लॅस्टिसायझर) असते, ते लेबलात झिरपून अक्षरे फिकी करते. खात्री करायची असेल तर कोऱ्या लेबलावर नख जोरात ओढा. काळी रेघ उमटली तर कागद डायरेक्ट थर्मलच.

पार्सल, पाहुण्यांचे पास, काही आठवड्यांत फेकून द्यायची खोकी यांना हा कागद उत्तम आणि स्वस्त. वर्षानुवर्षे ठेवायच्या फायलींना मात्र तो वापरूच नये. त्यांच्यासाठी रिबनवर, म्हणजे शाईचा थर असलेल्या फितीवर, चालणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर हवा. कागदी लेबलाला वॅक्स (मेणाची) रिबन, पॉलिएस्टर लेबलाला रेझिन (राळेची) रिबन ही जोडी सांभाळा. पॉलिएस्टरवर वॅक्स वापरले तर अक्षरे बोटाने पुसली जातात. तुमच्या प्रिंटरमध्ये रिबन बसवायची जागाच नसेल तर ती नंतर करून घेता येत नाही. फायली थोड्या असतील तर लॅमिनेटेड टेपचा लेबलर घ्या. त्यात छपाई पारदर्शक थराखाली राहते. कप्प्याच्या कडेला 12 मिमी, बॉक्स फाइलच्या पाठीवर 18 किंवा 24 मिमी टेप पुरते.

प्रश्न : पहिले लेबल नीट येते, मग मजकूर प्रत्येक लेबलावर थोडा थोडा सरकत जातो. मध्येच एखादे कोरे बाहेर पडते.

उत्तर : सरकणे वाढत जाते, म्हणजे ड्रायव्हरमधले (संगणकातल्या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले) माप आणि रोलवरचे माप जुळत नाही. (सगळ्या लेबलांवर सारखेच सरकले असते तर फक्त ऑफसेट, म्हणजे छपाई सुरू होण्याची जागा, बदलून भागले असते.) लेबल सोलून पट्टीने मोजा, पाठचा कागद त्यात धरू नका. लेबल 50 × 25 मिमी असेल तर ड्रायव्हरमध्येही तेच हवे. 30 मिमी उंची ठेवलीत तर मजकूर पुढच्या लेबलात घुसणारच. कागदाचा प्रकार ‘गॅप’ (लेबलांमध्ये फट असलेला) निवडा, ‘कंटिन्युअस’ (सलग) नव्हे. मग कॅलिब्रेशन करा : प्रिंटर काही लेबले पुढे सरकवून त्यांच्यामधली फट ओळखतो. त्यानंतर फीडचे बटण एकदा दाबले की बरोबर एकच लेबल बाहेर येऊन फटीपाशी थांबले पाहिजे. थांबत नसेल तर सेन्सरवर धूळ किंवा लेबलाचा तुकडा अडकला आहे का पाहा. पीडीएफवरून छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून 100 टक्के आकार ठेवा.

प्रश्न : प्रत्येक लेबलावर एकाच जागी पांढरी उभी रेघ येते. गडदपणा वाढवला तरी जात नाही.

उत्तर : गडदपणा पूर्ववत करा, तो वाढवल्याने प्रिंटहेड (तापून छपाई करणारी पट्टी) लवकर झिजते. प्रिंटर बंद करून हेड थंड होऊ द्या. तंतू न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच झाकण लावा. टाचणी, ब्लेड कधीच नको. दर रोल बदलताना एवढे केले तर चिकटद्रव्य साचत नाही. पुसूनही रेघ त्याच जागी राहिली तर तिथला बिंदू जळाला आहे. हेड बदलावे लागेल.

प्रश्न : मराठी जोडाक्षरे तुटतात, नाहीतर चौकोन येतात.

उत्तर : प्रिंटरमधल्या अंगभूत फॉन्टमध्ये बहुधा देवनागरी नसते. संगणकावरचा युनिकोड फॉन्ट घेऊन ड्रायव्हरमार्फत छापा. मजकूर चित्ररूपाने जातो आणि जोडाक्षरे शाबूत राहतात. 203 डीपीआयला (एका इंचात 203 बिंदू) एका मिलिमीटरमध्ये 8 बिंदूच मावतात, त्यामुळे बारीक अक्षरांत मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. निदान 10 पॉइंट ठेवा. त्याहून लहान हवे असेल तर 300 डीपीआयचा प्रिंटर बघा. फॉन्ट एकसारख्या जाडीचा निवडा, नाजूक रेषांचा नको.