कृष्णधवल इंकजेट छायाचित्रांवर संरक्षक स्प्रे मारणे आवश्यक आहे का?

प्रिंट काचेच्या चौकटीत जाणार असेल, तर बहुधा नाही. मात्र ती उघडी टांगायची असेल, अल्बममध्ये ठेवायची असेल किंवा वारंवार हाताळली जाणार असेल, तर अवश्य मारावा, विशेषतः मॅट कॉटन कागदावर, कारण तेथे पिगमेंट शाईचे कण पृष्ठभागालगतच राहतात आणि गडद काळ्या भागावर किंचित घासले गेले तरी पांढरट ओरखडा उमटतो, जो रंगीत चित्रापेक्षा कृष्णधवल चित्रात फार डोळ्यांत भरतो. ग्लॉसी किंवा बराइटा (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या) कागदावर लाभ वेगळा आहे: शाई असलेल्या आणि नसलेल्या भागांच्या चकाकीतील तफावत, तसेच तिरक्या प्रकाशात दिसणारी तांबूस झाक, लेपामुळे कमी होते.

छपाईनंतर प्रिंट किमान 24 तास सुकू द्यावी, कारण शाईतील ग्लायकॉलसारखी द्रव्ये हळूहळू उडून जातात आणि घाईने लेप दिल्यास ती आत अडकतात. मऊ ब्रशने धूळ झटकून, फवारा कागदाच्या कडेबाहेर सुरू करून कडेबाहेरच थांबवावा. एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर, प्रत्येक वेळी दिशा काटकोनात बदलून, द्यावेत. हवा दमट असल्यास लेपावर धुरकट पांढरेपणा येतो, म्हणून तो दिवस टाळावा. सॉल्व्हंटयुक्त (रासायनिक द्रावक असलेला) स्प्रे हवेशीर जागी, सेंद्रिय बाष्प अडवणारा मास्क लावूनच वापरावा. साधा कापडी मास्क येथे निरुपयोगी आहे. मॅट कागदावर काळेपणा किंचित गडद होऊन सावल्यांतील बारकावे बदलू शकतात आणि एकदा दिलेला लेप काढता येत नाही, त्यामुळे आधी त्याच कागदावरील चाचणी-पट्टीवर तो पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.