पैशांवर पाणी कोण सोडतं?

प्रश्न असा आला: भिशीवाला पळाला तर 'पैसे पाण्यात गेले' म्हणायचं की 'पैशांवर पाणी सोडलं'? दोन्ही एकच ना?

नाही. पहिल्यात कर्ता पैसे. ते गेले, आपण काठावर उभे. दुसऱ्यात कर्ता आपण. पाणी आपल्या हातून सुटतं.

आणि ते पाणी नदीचं नव्हे, पळीतलं. आमच्या वास्तुशांतीला वडिलांनी विड्यावर सुपारी, नाणं नि तुळशीपत्र ठेवलं आणि उजव्या तळहातावरून पळीभर पाणी सोडलं. मी वर पाचशेची नोट ठेवायला गेलो तर गुरुजी म्हणाले, "ती मागाहून द्या, भिजेल." हे पाणी म्हणजे देणाऱ्याची सही. संकल्प तोंडाने, सोडणं हाताने: 'न मम', आता हे माझं नाही. जुन्या ताम्रपटांत जमीन दान दिल्याची नोंद करताना 'उदकातिसर्गेण', म्हणजे पाणी सोडून, असा शब्द येतो तो यासाठीच. 'घरादारावर तुळशीपत्र ठेवणं' हेही याच ताम्हनातलं.

वामनाच्या गोष्टीत शुक्राचार्य झारीच्या तोटीत का शिरले? बळीने तर शब्द देऊन टाकला होता. पण पाणी पडायचं होतं, आणि गुरूला तेवढीच फट दिसली. पुढे दर्भाची काडी टोचली, डोळा गेला, पाणी पडलं. मंजूर झालेला निधी अडवून बसणाऱ्याला आपण 'झारीतला शुक्राचार्य' म्हणतो ते म्हणूनच चपखल आहे.

हा रिवाज बौद्धांतही दिसतो. मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाचं एक गोल शिल्प कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे, दोनेक हजार वर्षांपूर्वीचं. त्यात अनाथपिंडिक नावाचा धनाढ्य व्यापारी जेतवन ही बाग बुद्धाला दान देतोय, हातात झारी, आणि बागेत जमिनीवर चौकोनी नाणी अंथरलेली. त्यामागची कथा मला अस्वस्थ करते. अनाथपिंडिकाने बाग विकत मागितली तेव्हा तिचा मालक जेत राजकुमार म्हणाला होता, कोटीच्या कोटी नाणी अंथरलीस तरी बाग देणार नाही. वाद न्यायाधिकाऱ्यांकडे गेला आणि त्यांनी ठरवलं, किंमत तोंडातून निघाली म्हणजे सौदा झाला! अनाथपिंडिकाची राजीखुशी दगडात कोरली गेली. जेतचा होकार नकारातून काढला गेला. (पुढे त्यानेही उरलेल्या तुकड्यावर दरवाजा बांधून दिला म्हणतात, पण ते नंतरचं.)

म्हणून 'ठेवीदारांना पैशांवर पाणी सोडावं लागलं' असं छापून आलं की मी अडखळतो. ज्यांनी 'न मम' म्हटलंच नाही, त्यांच्या हातात ही पळी कोणी दिली? रूढी आहे, चूक म्हणणार नाही. '-आवं लागलं' ही क्रियापदाची शेपटी मराठीत राजीखुशीच्या कुठल्याही शब्दाला जोडता येते, इतकंच.

तुमच्या वाक्यापुरतं सांगायचं तर भिशीवाला पळाला, पैसे बुडाले. उद्या मेहुण्याला दिलेले पाच हजार तुम्ही स्वतःहून मागायचे बंद केलेत, तर खुशाल लिहा, पाणी सोडलं.