बी.एड. की भेगांचं गणित?

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. काच, काँक्रीट अशा ठिसूळ वस्तूंत भेगा कशा पसरतात, याच्या गणितात तिला संशोधन करायचं आहे. घरच्यांचा आग्रह बी.एड.चा. वडील विचारतात, "भेगा मोजून कोणाचं पोट भरलंय का?"

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आधी पोटाचंच बोलू. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी. करताना सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं. पुढचं काम जळगाव-भुसावळात मिळेल असं मात्र मी सांगणार नाही. त्यासाठी पुणे, बंगळुरू गाठावं लागेल. विमानाच्या सांगाड्यातल्या भेगांवर बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत काम चालतं. पोरीला इतक्या लांब पाठवायची घरची तयारी आहे का? मला खरी अडचण तिथे दिसते, विषयात नाही.

विषय तर फार सुंदर आहे. काच कापणारा हिऱ्याच्या कलमाने एक रेघ ओढतो, हलकेच दाब देतो आणि काच रेघेवरच तुटते. एवढासा ओरखडा कसा पुरतो, याचा हिशोब ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 साली मांडला. भेग वाढली की ताणलेल्या काचेत साठलेली ऊर्जा मोकळी होते. पण भेगेच्या दोन नव्या कडा तयार व्हायलाही ऊर्जा खर्ची पडते. मिळकत खर्चाहून जास्त झाली की भेग धावत सुटते. भेग चौपट लांब असेल, तर निम्म्याच ताणाला काच तुटते.

पण भेग मुळात कुठे पडेल, कुठे वळेल, तिला फाटे कधी फुटतील, हे त्या हिशोबातून कळत नाही. 1998 मध्ये फ्रांकफोर आणि मारिगो या फ्रेंच संशोधकांनी नवी मांडणी केली: साठलेली ऊर्जा आणि भेगांचा खर्च यांची बेरीज कमीत कमी होईल, अशी वाट भेग घेते. ती वाट शोधणं हे निव्वळ गणिताचं काम, आणि त्यात आजही पुष्कळ प्रश्न उघडे आहेत. वैशाखात आपली काळी जमीन फाटते ना? वरचा थर वाळून आकसतो, खालचा ओला थर त्याला आकसू देत नाही, ताण वाढतो. असलं भेगांचं जाळंसुद्धा आता याच पद्धतीने संगणकावर काढता येतं.

म्हणून तिला गणितातून हलवू नका. विकलक समीकरणं आणि रेषीय बीजगणित पक्कं हवं, जोडीला पायथॉन ही संगणकाची भाषा आणि लवचिकतेच्या सिद्धान्ताची तोंडओळख. या सुट्टीत तिला एकच काम द्या. ग्रिफिथचा हिशोब कागदावर मांडायचा आणि भेगेची लांबी वाढते तशी एकूण ऊर्जा कशी बदलते, याचा आलेख काढायचा. आलेख आधी चढेल, मग उतरेल. शिखरापाशी जी लांबी येते, तिच्यापुढे भेग आवरत नाही. हे करताना ती जेवायचं विसरली, तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल. कंटाळली, तरी काही बिघडलं नाही, वेळेत कळलं.

बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीची जॅम परीक्षा मात्र तिसऱ्या वर्षात, फेब्रुवारीच्या सुमारास द्यावी लागेल. अर्ज आधीच्या सप्टेंबरात सुटतात. तिची तयारी आत्तापासून सुरू करा.