ट्रेलर घ्यायचा की निवृत्तीचे पैसे आधी जागी लावायचे?

नमस्कार गुरुजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दिग्रसजवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत 34 वर्षं शिकवून तुम्ही 58 व्या वर्षी निवृत्त झालात. ग्रॅच्युइटी, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी), अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं) मिळून 18 लाख 5 नोव्हेंबरला खात्यात जमा झाले. त्यातले साडेसहा लाख घालून बोलेरोमागे ओढायचा, झोपायची सोय, छोटं स्वयंपाकघर आणि संडास असलेला ट्रेलर बनवून घ्यायचा आणि संक्रांत झाली की काकूंना घेऊन पांढरकवड्यावरून कन्याकुमारीला निघायचं, असा तुमचा बेत. जावई म्हणतात, पैसे मोडू नका, पीक कर्ज उचला. काय करू, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला ट्रेलर नाही, 5 नोव्हेंबर ही तारीख वाटली.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडायला एरवी 60 वर्षं पूर्ण लागतात. पण 55 ते 60 च्या दरम्यान निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती गुंतवता येते. सध्याचा व्याजदर 8.2 टक्के, व्याज दर तिमाहीला खात्यात, मर्यादा 30 लाख. तुमचे तीन महिने फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात संपतात, म्हणजे निघायला थोडा उशीर झाला तर नेमके तुम्ही मदुराई-कन्याकुमारीकडे असाल तेव्हा. परत याल तर दार बंद, मग साठीपर्यंत थांबा. माझ्या वडिलांचं असंच झालं. तेव्हा मुदत एकच महिना होती. पैसे बचत खात्यात पडून राहिले आणि आम्हां घरच्यांपैकी कुणालाच ही मुदत ठाऊक नव्हती. म्हणून हे कळकळीने लिहितो: पहिलं काम हे करा, निवृत्तीचा आदेश आणि पैसे जमा झाल्याची नोंद घेऊन.

आता ट्रेलर. साडेसहा लाख या योजनेत ठेवले तर वर्षाला 53,300 रुपये व्याज येतं. तुम्हीच लिहिलंय की नागपूरला एकाकडे असाच ट्रेलर दिवसाला 4,000 रुपये भाड्याने मिळतो. म्हणजे मुद्दलाला हात न लावता, नुसत्या व्याजात, दरवर्षी 13 रात्रींचं भाडं निघतं.

आणि विकत घेतला तर? मोटार विम्यात गाडीची किंमत पाचव्या वर्षापर्यंत निम्मी धरतात. ट्रेलरलाही तोच हिशेब लावू, जरी आपल्या भागात त्याला गिऱ्हाईक मिळणं अवघड आहे. सव्वातीन लाख तिथे गेले. बुडालेलं व्याज पाच वर्षांचं 2,66,500. विमा, टायर, दुरुस्ती, शेड यांना वर्षाला 20,000 धरा. एकूण 6,91,500. चार हजार भाड्याने हे वसूल व्हायला 173 रात्री लागतात, वर्षाला 35. आता मनाशी मोजा. मृगापासून कापसाच्या वेचणीपर्यंत तुम्ही वावर सोडून जाणार नाही, मग तुरीची काढणी. होळीनंतर पत्र्याच्या डब्यात दुपार काढणं काकूंना झेपणार नाही. उरतात जेमतेम दोन महिने. आठ एकर मक्त्याने दिलं तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही.

जावयांचा सल्ला मात्र घेऊ नका. पीक कर्ज वेळेत फेडलं तर 4 टक्क्यांनी पडतं, खरं आहे. पण ते बियाणं-खताचं कर्ज आहे. ट्रेलरमध्ये अडकलं की फेडीच्या तारखेला पैसे कुठून आणणार? तारीख चुकली की सवलत जाते आणि जूनमध्ये नवं कर्जही अडतं.

काकूंच्या गुडघ्याचं तुम्ही लिहिलंत, ते मला सगळ्यात पटलं. ऑपरेशननंतर भारतीय बैठकीचा संडास जमत नाही आणि साखरेमुळे जेवण घरचंच हवं, म्हणून ट्रेलर. ही गरज खरी आहे आणि तिच्यासाठी खर्च करायलाच हवा. फक्त तेवढ्यासाठी मालकी लागत नाही.

माझी मांडणी अशी: 10 लाख पोस्टात आणि साडेसहा लाख बँकेत, दोन्ही याच योजनेच्या वेगळ्या खात्यांत. उरलेले दीड लाख प्रवासाला: 20 दिवसांचं भाडं 80,000, डिझेल 36,000, बाकी टोल, मुक्काम, अडीअडचण. डिझेल मी साडेतीन हजार किलोमीटर, लिटरला नऊचं अॅव्हरेज आणि 92 रुपये भाव धरून काढलंय. एकटी बोलेरो 14 देत असेल, पण मागे वजन आलं की एवढं उतरतंच. तुम्ही बारा दिवस ठरवलेत, ते कमी आहेत. ट्रेलर घेऊन दिवसाला अडीचशे किलोमीटर पुरे, आणि त्या चालीने चौदा दिवस नुसते रस्त्यात जातील.

वर्षभराने अजूनही घ्यावासा वाटला तर बँकेतलं खातं मोडा. एक वर्षानंतर, दोन वर्षांच्या आत मोडल्यास मुद्दलातून दीड टक्का कापतात, म्हणजे 9,750 रुपये. तोवर व्याज 53,300 मिळालेलं असेल. वाट पाहण्याची किंमत एवढीच आहे, म्हणून आज कारागिराला बयाणा देऊ नका. पुढे द्याल तेव्हाही आधी विचारा की मॉडेलला मान्यता आहे का आणि आरटीओत नोंदणी होईल का. ट्रेलरला स्वतःची नोंदणी आणि स्वतःचा विमा लागतो.

निघण्याआधी भाड्याचाच ट्रेलर दोन रात्री लोणारला नेऊन आणा. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घ्यायची सवय तुम्हाला आहे, तो हात इथे उपयोगी पडेल. पण महामार्गावरचा वेग वेगळा असतो. सामान मागच्या बाजूला जास्त भरलं आणि हुकावर भार कमी पडला की ट्रेलर झोके खातो, आणि मग बोलेरोही हलते. एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून थोडा जास्त भार हुकावर हवा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे भरताना लक्षात ठेवा. बोलेरोच्या पुस्तिकेत ओढण्याचं वजन किती दिलंय ते बघा, आणि भरलेला ट्रेलर त्याहून जड असेल तर तो घेऊच नका.

लोणारच्या दोन रात्रींत काकूंना आत चढणं-उतरणं जमलं नाही, तर कमोड खुर्ची आणि शेगडी गाडीत टाका आणि बोलेरोनेच निघा. कन्याकुमारीला विवेकानंद केंद्रात राहायची सोय आहे. खोली तळमजल्यावरचीच मागा. पण पोस्टात या आठवड्यातच जा.