पांढऱ्या रेशनकार्डावर अँजिओप्लास्टी : भरलेले पैसे कोणाकडे मागायचे?

प्रश्न : आम्ही सांगली जिल्ह्यातले. वडील ६९ वर्षांचे, रेशनकार्ड पांढरं. मार्चमध्ये रात्री त्यांच्या छातीत कळ आली, म्हणून महात्मा फुले योजनेचा फलक असलेल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. कार्ड दाखवलं, तर ‘आरोग्यमित्र (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) सकाळी येतो, आणि पांढऱ्या कार्डाला योजना लागत नाही’ असं उत्तर मिळालं. एक लाख अनामत भरून घेतली, एका छापील कागदावर सही घेतली. अँजिओप्लास्टी झाली, एकूण १,६२,००० रुपये भरले. योजना लागू होती हे आता कळतंय. योजनेकडून पैसे परत मिळतील का? दुसऱ्या शिरेतही ब्लॉक आहे, त्याचं काय करावं?

उत्तर : योजनेकडून मिळणार नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बिल पाहून परतावा देत नाही. रुग्णालय आधी ऑनलाइन मंजुरी मागतं, उपचार करतं आणि ठरलेली रक्कम थेट त्याच्या खात्यावर येते. रुग्णाच्या हातात पैसा येण्याची सोयच त्यात नाही. मूळ बिलं जोडून राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे (ही योजना चालवणारी सरकारी संस्था) ‘क्लेम’ टाकण्यात वेळ घालवू नका. तुमची मागणी रुग्णालयाकडे आहे : लाभार्थ्याकडून घ्यायला नको होते ते पैसे तुम्ही घेतलेत, ते परत करा.

तुम्हाला मिळालेलं उत्तर जुन्या नियमाचं आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डधारकांनाही योजनेत घेतलं आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून आहे. (हे पाच लाख कुटुंबाला मिळून वर्षाचे, माणशी नव्हेत.) आरोग्यमित्र रात्री नव्हता ही सबबही टिकत नाही. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची तरतूद आहे, आणि तो फोन रुग्णालयाने करायचा असतो.

मात्र रुग्णालयाला नोटीस पाठवण्याआधी एक गोष्ट पक्की करा. रुग्णालय योजनेत सरसकट नसतं, विशेषज्ञ विभागांनुसार असतं. दारावर फलक आहे, पण करार फक्त अस्थिरोग आणि मूत्रविकारांचा, हृदयरोगाचा नाहीच, असं असू शकतं. तसं निघालं तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते. म्हणून राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, वडिलांच्याच सहीने माहिती अधिकाराचा अर्ज द्या. विचारायचं एवढंच : दाखल झाल्याच्या तारखेला हे रुग्णालय हृदयरोगासाठी अंगीकृत (योजनेत करारबद्ध) होतं का? वडिलांच्या नावे मंजुरीची विनंती गेली होती का? गेली असल्यास किती रक्कम मंजूर झाली आणि दिली गेली? शेवटचा प्रश्न विसरू नका. रुग्णाकडून रोख आणि योजनेकडून पॅकेज, असे दोन्हीकडून पैसे घेतल्याचं निघालं तर पारडं तुमच्या बाजूला झुकतं. माहिती द्यायची मुदत तीस दिवसांची आहे.

आता त्या छापील कागदाचं. ‘आम्हाला योजनेचा लाभ नको’ असा तो मजकूर असणार. त्याची प्रत मागा. सही केली म्हणजे हक्क संपला असं नाही. चुकीची माहिती देऊन, रुग्ण स्ट्रेचरवर असताना घेतलेली संमती मोकळी नसते, आणि करार कायदा अशी संमती रद्द ठरवू देतो. पण तुम्ही स्वतःहून स्पेशल रूम किंवा महागडा स्टेंट मागितला असेल, तर रुग्णालय नेमकं तेच पुढे करेल. योजनेत जनरल वॉर्ड धरलेला असतो. तसं काही घडलं असेल तर ते वकिलापासून लपवू नका.

कागद लगेच गोळा करा : डिस्चार्ज कार्ड, बाबवार अंतिम बिल, अनामतीच्या पावत्या, औषधांची बिलं, अँजिओग्राफीची सीडी आणि संपूर्ण केसपेपर. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत केसपेपर देणं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. स्टेंटचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि किंमत बिलात वेगळी दाखवलेली असली पाहिजे. फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा आहे. बिलात ‘कॅथलॅब पॅकेज’ अशी एकच ओळ असेल तर तोही मुद्दा नोटिशीत घ्या.

तक्रार १५५३८८ वर नोंदवून क्रमांक घ्या, पण फोनवर थांबू नका. तोच मजकूर लेखी करून योजनेच्या जिल्हा समन्वयकाला द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, कारण यादीतून नाव जाणं रुग्णालयाला परवडत नाही. मिटलं नाही तर पंधरा दिवसांची नोटीस आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तिथे शुल्क नाही, तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. सोसायटीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल तर आणखी एक वाट आहे. वार्षिक उत्पन्न ३,६०,००० रुपयांच्या आत असलेल्यांना तिथे राखीव खाटा आणि सवलतीचे दर आहेत. पांढरं कार्ड म्हणजे उत्पन्न एक लाखाच्या वर, एवढंच, तेव्हा तुम्ही त्यात बसू शकता. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

दुसऱ्या ब्लॉकचं काम किती लवकर करायचं ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. ठरवून करायचं असेल तर तयारीला वेळ मिळतो. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव आधी जुळवा. एकावर ‘पांडुरंग’, दुसऱ्यावर ‘पांडुरंगराव’, एवढ्यावरूनही मंजुरी अडते. मग ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) करून आयुष्मान कार्ड, म्हणजे योजनेचं ओळखपत्र, काढा, आरोग्यमित्राला भेटून मंजुरीची नोंद मोबाइलवर आल्याशिवाय दाखल होऊ नका, आणि अनामत मागितलीच तर पावतीवर कारण लिहून मागा. वडिलांना सत्तर पूर्ण झाले की वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचं आयुष्मान कार्ड, निघतं. त्यात कुटुंबाच्या पाच लाखांशिवाय त्यांचे स्वतंत्र पाच लाख असतात आणि उत्पन्नाची अट नाही. वय आधारवरूनच धरतात. वडीलधाऱ्यांच्या आधारवर एक जानेवारी अशी अंदाजे तारीख पुष्कळदा असते, ती चुकीची असेल तर जन्मतारखेच्या ग्राह्य पुराव्यावरून आत्ताच दुरुस्त करून घ्या.