डिशवॉशरची पावडर घरी करता येते का? रिठा किंवा बायोएन्झाइम चालेल का? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.

पावडर घरी करता येते. मी करते आणि आमची रोजची भांडी तिनेच निघतात. पण तुम्ही विचारलेले रिठा आणि बायोएन्झाइम मशीनमध्ये घालू नका. रिठ्याला फेस येतो. डिशवॉशरमध्ये भांडी निघतात ती फिरत्या दांड्यांतून उडणाऱ्या पाण्याच्या जोराने. फेस झाला की पंप हवा ओढतो आणि तो जोरच जातो. भांड्यांचं लिक्विडही याच कारणाने चालत नाही. बायोएन्झाइम, म्हणजे लिंबा-संत्र्याच्या साली, गूळ आणि पाणी आंबवून केलेलं आंबट पाणी, फरशीला छान. तेलकट भांड्यांना मात्र अल्कली, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचा सोड्यासारखा पदार्थ लागतो.

माझं प्रमाण: दोन वाट्या धुण्याचा सोडा, एक वाटी सोडियम परकार्बोनेट. एका धुण्याला एक मोठा चमचा. धुण्याचा सोडा किराणा दुकानात मिळतो. खाण्याचा सोडा त्याची जागा घेत नाही, तो फार सौम्य असतो. परकार्बोनेट ऑनलाइन ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून मिळतं. गरम पाण्यात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि कपांमधले चहाचे डाग जातात. म्हणून ६० अंशांच्या आसपासचा प्रोग्राम लावा, गार पाण्यात ते नुसतंच वाहून जाईल.

आता पाण्याचं बघा, कारण घरच्या पावडरीचं यश त्यावरच ठरतं. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे म्हणता, म्हणजे ते बहुधा जड असणार. जड पाण्यातलं कॅल्शियम सोड्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि पांढरी पूड बनून भांड्यांवर बसतं. पूर्वीच्या पावडरींमध्ये फॉस्फेट असायचं, ते कॅल्शियमला धरून ठेवायचं. पण फॉस्फेटमुळे नदी-तळ्यांत शेवाळ माजतं, म्हणून युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७ पासून डिशवॉशरच्या पावडरीत त्यावर कडक मर्यादा घातली. घरच्या पावडरीत तर ते नसतंच. तेव्हा सगळी भिस्त मशीनच्या तळाशी असलेल्या मिठाच्या टाकीवर. तिथल्या रेझिनमधून, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या बारीक दाण्यांमधून, पाणी मऊ होऊन येतं आणि मीठ त्या रेझिनला पुन्हा ताजं करतं. त्यात डिशवॉशरचंच जाडं मीठ घाला, स्वयंपाकाचं आयोडीनवालं नको. काही कृतींमध्ये मीठ थेट पावडरीत मिसळायला सांगतात, ते साफ चुकीचं आहे. त्याने पाणी मऊ होत नाही, उलट स्टीलवर गंजाचे ठिपके पडू शकतात.

काचेचा ग्लास धुरकट दिसायला लागला तर त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका, थोडा वेळ थांबा आणि पुसा. तेवढीच जागा लख्ख झाली तर तो क्षार आहे: मिठाची टाकी आणि जडपणाचं सेटिंग तपासा. काहीच फरक पडला नाही तर काच झिजली आहे आणि ती परत तशी होत नाही. तेव्हा सोडा कमी करा, काचेची भांडी वेगळी ठेवा.

सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्व बऱ्याच कृतींमध्ये असतं. सोड्याबरोबर त्याचं सायट्रेट होतं, ते थोडंफार कॅल्शियम धरतंही. पण एकाच बरणीत ठेवलं तर पावसाळ्यातल्या दमट हवेने दोन्ही एकमेकांवर काम करून मोकळी होतात आणि पावडरीचा दगड होतो. मी ते वेगळंच ठेवते आणि अधूनमधून रिकाम्या मशीनमध्ये घालून गरम फेरी लावते. आतला क्षार निघतो.

ॲल्युमिनियमची कढई, ॲल्युमिनियमचा कुकर यांना सोडा अजिबात दाखवू नका, काळे पडतात. पितळ, तांबं, कल्हईची भांडी, बिडाचा तवा, लाकडी लाटणं-रवी, हेही हातानेच घासा.

एका बाबतीत विकतची पावडर खरोखर सरस आहे: तिच्यात एन्झाइम असतात, जे वाळलेला भात आणि तळाला धरलेलं दूध सोडवतात. आपल्या पावडरीत ते नाहीत. म्हणून शितं आधी काढून टाका आणि दुधाचं पातेलं भिजवून मगच लावा. पाहुण्यांची, बिर्याणीची भांडी असतील त्या दिवशी मी सरळ विकतची पावडर वापरते.

मिश्रण थोडंच करा, चमचा कोरडा ठेवा, मिसळताना नाक-तोंड झाका. बरणीवर ठळक नाव लिहून ती मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवा. दिसायला ही पावडर मिठासारखीच दिसते, आणि पोटात गेली तर घसा-अन्ननलिकेला इजा करते.