बाइकच्या साइड बॉक्सच्या चाबीची मूठ तुटली, घरीच नवीन बनवता येते का?

हाव, येते, आणि चांगली मजबूत येते. तुम्ही लिहिलं की बॉक्सच्या चाबीचं काळं प्लास्टिक तुटून पडलं, हातात फक्त धातूचं पातं उरलं, ते बोटांनी फिरत नाही, ग्लोव्ह्ज घातले तर अजिबातच नाही, आणि चाबीवाला म्हणते पूर्ण लॉक बदला. लॉक बदलायची काही गरज नाही भाऊ. मी माझ्या बाइकच्या दोन साइड बॉक्सच्या आणि मागच्या टॉप बॉक्सच्या अशा तिन्ही चाब्यांना घरी मुठी बनवल्या, आता तिसरा उन्हाळा चालून राहिला त्यांचा.

पण मूठ बनवायच्या आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या, काहून की माझं नुकसान इथंच झालं. मूठ चाबी पकडायसाठी असते, जोर लावायसाठी नाही. माझी पहिली चाबी चिखलदऱ्याला जाताना तुटली, परतवाड्याच्या पुढे घाट लागायच्या आधी पाऊस सुरू झाला आणि रेनकोट बॉक्सच्या आत, मी घाईत चाबी पिळली आणि प्लास्टिकची मूठ हातात आली. चहाच्या टपरीवरून पक्कड मागून कसंतरी उघडलं. नागपूरला परत आलो तेव्हा डोक्यात एकच की आता अशी मूठ बनवतो की परत तुटलीच नाही पाहिजे, म्हणून दोन इंच लांब टी-आकाराचा लोखंडी दांडा वेल्डिंगवाल्याकडून चाबीला जोडून घेतला. महिनाभर मस्त चाललं. मग एक दिवस लॉक थोडं अडकलं, मी दांड्याला जोर दिला आणि चाबी लॉकच्या आतच तुटली.

हिशोब साधा आहे. बोटांचा जोर तेवढाच राहते, पण मूठ आडवी दुप्पट लांब केली की चाबीवर पडणारा पीळ दुप्पट होते. बॉक्सच्या लॉकमध्ये बहुतेक करून आत पातळ पितळी पत्र्या असतात, प्रत्येकीखाली बारीक स्प्रिंग, चाबीच्या खाचांनी त्या सगळ्या बरोबर उंचीवर आल्या की सिलिंडर फिरते. एक जरी पत्री धुळीनं अडकली तर सिलिंडर फिरणारच नाही, तुम्ही कितीही पिळा. अशा वेळी छोटी मूठ बोटांतून सटकते आणि तुम्हाला कळते की लॉक अडकलं आहे. मोठी मूठ ते कळूच देत नाही, सरळ पातं पिळून टाकते. आणि कंपनीची मूठ तुटली त्याचंही कारण बहुतेक वेळा प्लास्टिक नसते, लॉक जड झालेलं असते.

म्हणून पहिलं काम लॉकचं. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ किती उडते ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचं पाणी सरळ लॉकच्या भोकावर मारते, ते पाणी धूळ आत ढकलते आणि आत तिचा चिखल होऊन वाळते. पंक्चरवाल्याकडे जाऊन दोन मिनिटं हवा मारून घ्या, लॉकची झडप काडीनं उघडी धरून. मग ग्रॅफाइट पावडर, ती नाही मिळाली तर मऊ पेन्सिलीचं शिसं काचकागदावर घासून जी काळी भुकटी पडते ती चाबीच्या पात्याला लावायची आणि दहा-बारा वेळा चाबी आतबाहेर करायची. खोबरेल तेल, इंजिन ऑइल असं काही टाकू नका, आठ दिवस लोण्यासारखं चालते आणि मग त्याच तेलाला धूळ चिकटून पहिल्यापेक्षा वाईट होते. माझं डाव्या बॉक्सचं लॉक एवढ्यावरच इतकं हलकं झालं की तुटकं पातं दोन बोटांनी फिरायला लागलं.

दुसरं काम म्हणजे उरलेल्या पात्यावरून आधी दोन डुप्लिकेट काढून ठेवा. तुटलेली मूठ फेकू नका, तिच्यावर किंवा पात्याच्या बुडाशी बारीक अक्षरात चाबीचा नंबर असू शकतो, त्याचा फोटो काढा आणि नवीन मुठीखाली तो झाकला जाणार असेल तर कागदावर लिहून ठेवा. डुप्लिकेट नेहमी मूळ चाबीवरूनच काढायची, डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढत गेलं की प्रत्येक वेळी थोडा फरक वाढत जाते. एक अजून, तुमच्या बॉक्सची आणि गाडीची चाबी एकच असेल आणि तिच्या मुठीत गाडी सुरू करायची चिप असेल तर हा उद्योग त्या चाबीवर करू नका, फक्त बॉक्ससाठी साधी डुप्लिकेट काढा आणि तिला मूठ लावा.

आता मूठ कशाची? मी सगळं करून पाहिलं आहे. ग्लू गनचा गोंद आपल्या नागपुरात चालतच नाही, नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बाइक उन्हात उभी असली की काळा बॉक्स हाताला चटका बसेल इतका तापते आणि तो गोंद मऊ पडून मूठ गोल गोल फिरते, पातं तिथंच. थ्रीडी प्रिंटचं पण तेच, त्यात नेहमी वापरतात ते पीएलए प्लास्टिक साधारण 60 डिग्रीलाच मऊ व्हायला लागते, प्रिंट करून घ्यायचीच असेल तर एबीएस सांगा, ते 100 च्या आसपास टिकते. गंजाच्या (पातेल्याच्या) झाकणाचा बेकेलाइटचा, म्हणजे कडक काळ्या प्लास्टिकचा नॉब मी टॉप बॉक्सच्या चाबीला लावून पाहिला, उष्णतेला एकदम पक्का, पण ठिसूळ, ड्रिल करताना पहिला तडकला, दुसरा गाडी स्टँडवरून पडली तेव्हा फुटला. मला सगळ्यात जमलं ते सागवान. लकडगंजमध्ये आरा मशिनीवर तुकडे पडलेलेच असतात, अंगठ्याएवढा तुकडा मागितला तर पैसेही घेत नाहीत बहुतेक जण. सागवानात स्वतःचं तेल असते, पावसात फारसं फुगत नाही, उन्हात हाताला चटका देत नाही आणि ओल्या ग्लोव्हमध्येही सटकत नाही.

आकार ठरवायसाठी मी घरातली कणीक वापरली. पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेतून लिंबाएवढा गोळा घेतला, चाबीच्या बुडाला टेप गुंडाळून त्यावर तो गोळा बसवला आणि ग्लोव्ह घालून फिरवल्यासारखं चिमटीत पकडलं. अंगठ्याचा एक खड्डा आणि समोरून तर्जनीच्या बाजूचा लांबट खड्डा, बस, तीच तुमच्या हाताची मूठ. रात्रभर वाळू दिली, सकाळी पट्टीनं मोजली. माझी आली 32 मिलिमीटर लांब, 18 रुंद, 10 जाड. माझं ऐकाल तर लांबी 35 च्या वर जाऊ देऊ नका, कारण वर सांगितलंच. त्याच कणकेच्या मुठीनं हेही पाहून घ्या की चाबी पूर्ण फिरवताना मूठ बॉक्सच्या हँडलला किंवा धुळीच्या झडपेला कुठं अडते का. माझ्या उजव्या बॉक्सचं लॉक खोलगट आहे, तिथं मला मुठीची खालची बाजू निमुळती करावी लागली.

चाबीला खांदा असते, म्हणजे पातं संपून जिथं रुंद भाग सुरू होते तो कोपरा, लॉकच्या तोंडाला टेकून चाबी किती आत जाईल ते तो ठरवते. (काही चाब्यांना खांदा नसते, त्या टोकाला टेकतात.) हा खांदा मुठीत गाडला गेला तर मूठच आधी लॉकला टेकेल, चाबी अर्धा मिलिमीटर बाहेर राहील आणि खाचा पत्र्यांना बरोबर लागणारच नाहीत. मग तुम्ही म्हणाल मूठ लावल्यापासून चाबी चालत नाही. म्हणून खांद्याच्या मागे निदान 2 मिलिमीटर धातू उघडा सोडा.

लाकडात खाच पाडायला एक जुनी वर्कशॉपवाल्यांची युक्ती आहे, हॅकसॉच्या फ्रेममध्ये एकाच वेळी दोन ब्लेड शेजारी शेजारी लावायचे. एका ब्लेडनं खाच बारीक पडते, दोन ब्लेडनं साधारण चाबीच्या जाडीएवढी. खाच 12 मिलिमीटर खोल पाडा, तुकडा अजून चौकोनीच ठेवा, आकार नंतर द्यायचा आहे. चाबीचा मागचा भाग कानशीनं आडवा-उभा खरवडून घ्या, चकाकी पूर्ण गेली पाहिजे, काहून की गुळगुळीत धातूला काहीच धरत नाही. मग थिनरनं पुसा आणि त्यानंतर त्या जागी बोट लावू नका. चाबी खाचेत बसवून, वाइसमध्ये पकडून लाकूड आणि चाबी दोन्हींतून एकदमच 2 मिलिमीटरचं आरपार भोक पाडा. हे भोक सगळ्यात महत्त्वाचं आहे. नुसत्या चिकटवणीवर मूठ ठेवली तर पीळ सगळा त्या चिकटवणीवर येते आणि एक दिवस ती सोडते, भोकातून पिन गेली की चाबी मागून सरकूच शकत नाही.

पिनसाठी सायकलच्या चाकाची तार घ्या, ती बहुतेक करून 2 मिलिमीटरचीच असते, जुनी तार सायकलवाला अशीच देऊन टाकते. नसेल तर इतवारीत लोहाओळीत पितळी तार मिळून जाईल. आता अ‍ॅराल्डाइट, म्हणजे दोन ट्यूबची चिकटवणी, दोन्ही ट्यूबमधून सारखं घेऊन चांगलं मिनिटभर घोटा, खाचेत भरा, चाबीच्या खाचांच्या भागावर आधी टेप लावा म्हणजे तिथं थेंब जाणार नाही, चाबी बसवा, पिन ठोका आणि 24 तास हात लावू नका. पाच मिनिटवालं पण मिळते, पण घाईचं काम नाही हे, मी साधंच वापरतो. वाळल्यावर पिनची दोन्ही टोकं कानशीनं लाकडाबरोबर घासून टाका आणि मगच कणकेच्या नमुन्यावर बघून मुठीला आकार द्या. आकार नंतर देण्याचं कारण हे की चाबीचं पातं मुठीच्या अगदी मधोमध यायला पाहिजे, एका बाजूला गेलं तर फिरवताना चाबी वाकडी दाबली जाते आणि पत्र्या घासतात. आधी जाड काचकागद, मग बारीक, शेवटी दोन हात जवस तेल. रंग लावू नका, बोटं सटकतात.

प्रवासात तुटली आणि हे सगळं सामान जवळ नसेल तर एमसील, म्हणजे दोन भाग मळून लावायचं लांबी. चाबीला भोक असेल तर त्यातून तांब्याची तार दोन-तीन वेढे घालून तिचे कान बाहेर सोडा, मग एमसीलचे दोन्ही भाग एकच रंग दिसेपर्यंत मळा, तारेवर चढवा आणि ओल्या बोटानं गुळगुळीत करा. हात नंतर साबणानं धुवा, नाहीतर पिशवी घालूनच मळा, काही लोकांच्या कातडीला त्यानं पुरळ येते. तासाभरात कडक होते, पण पहिला पीळ दुसऱ्या दिवशी सकाळीच द्या. माझ्या टॉप बॉक्सच्या चाबीला बेकेलाइट फुटल्यापासून अशीच मूठ आहे आणि ती हलली नाही.

आणि समजा चाबी आतच तुटली, जशी माझी, तर घाबरून काही कोंबू नका. क्विक-फिक्स (झटपट चिकटणारा गोंद) लावलेली काडी तर अजिबातच नको, पत्र्या कायमच्या चिकटतात. आधी पातळ स्क्रूड्रायव्हरनं सिलिंडर परत त्याच उभ्या जागेवर आणा जिथून चाबी आत घालतो, तिथं आल्याशिवाय तुकडा निघत नाही. मला सराफ्यातल्या एका ओळखीच्या कारागिरानं त्याच्या आरीची केसासारखी बारीक पाती दिली. तिचे दात बाहेरच्या बाजूला वळवून चाबीच्या खाचांच्या कडेनं आत सरकवली, किंचित फिरवली आणि हळूच ओढली, तिसऱ्या वेळी तुकडा दोन मिलिमीटर बाहेर आला आणि चिमट्यानं धरून काढला. लॉकला काहीच झालं नाही, तेच लॉक आजही आहे.

शेवटचं, नवीन मूठ छान पकडायला येते म्हणून लोक चाबी लॉकमध्येच ठेवून गाडी चालवतात, तसं करू नका. मुठीनं चाबीचं वजन वाढते, रस्त्यावर हादऱ्यानं ती सतत डुलत राहते आणि लॉक आतून ढिलं करते, रामटेकच्या रस्त्यावर एकदा माझी चाबी अशीच अर्धी बाहेर आलेली दिसली. मुठीच्या मागच्या टोकाला एक बारीक भोक पाडून दोरी ओवा आणि जॅकेटच्या आतल्या खिशाच्या चेनला बांधा. डाव्या आणि उजव्या बॉक्सच्या चाब्या वेगळ्या असतील तर एकीच्या मुठीवर कानशीनं एक खाच पाडा, अंधारात बोटानं ओळखू येते.

तुमचं पातं पितळी आहे की लोखंडी ते कमेंटमध्ये सांगा, पितळी असेल तर हात-ड्रिलनंही भोक पडते, लोखंडी असेल तर ड्रिल मशीन लागेल आणि बिट नवीन घ्यावा लागेल.